भज्यांची पुडी, चहाचा कप, बिलाची चिठ्ठी: कागदातली रसायनं ओळखायची आणि टाळायची कशी

सुरुवातीला फक्त एक पिशवी लागेल. दोन दिवस घरात येणारा प्रत्येक कागद तीत टाका: पोईभोवतीचं (पोई म्हणजे गोव्याचा पाव) वर्तमानपत्र, भज्यांची पुडी, चहाचा कप, औषधाच्या दुकानाचं बिल, एटीएमची चिठ्ठी, बसचं तिकीट, पिझ्झ्याच्या खोक्याचा तुकडा, टिश्यू, टी-बॅगचं पाकीट. तिसऱ्या दिवशी पिशवी टेबलावर ओता. दहा-बारा प्रकार सहज निघतील. त्यांतल्या तीन-चारांकडेच खरं लक्ष द्यायचं आहे. ते कुठले, हे ठरवायला पुढच्या पायऱ्या.

एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कागदात रसायन असणं वेगळं आणि ते पोटात जाणं वेगळं. कागदातलं रसायन अन्नात उतरवतात त्या मुख्यतः तीन गोष्टी: उष्णता, तेल आणि वेळ. कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर काचेची बरणी ठेवली, तर यातलं काहीच लागू होत नाही; खुशाल अंथरा. कढईतून काढलेली मिरची-भजी त्याच कागदात गुंडाळली, तर उष्णता आणि तेल दोन्ही हजर. सुकी सुंगटं (कोळंबी) त्याच कागदात चार महिने ठेवली, तर उष्णता नाही, पण वेळ भरपूर. कुठलाही कागद हातात आला की या तिघांची हजेरी घ्या. निम्मं काम तिथेच होतं.

पायरी १: चार घरगुती चाचण्या

नखाची रेघ. बिल किंवा तिकीट छपाईची बाजू वर करून टेबलावर ठेवा आणि नखाने किंवा नाण्याच्या कडेने झटकन रेघ ओढा. काळी किंवा निळसर रेघ उमटली तर तो थर्मल कागद. घासण्याच्या उष्णतेने त्यातला रंग जागा होतो. साध्या कागदावर नुसता चरा पडतो.

तेलाचा थेंब. कागदावर खोबरेलाचा एक थेंब ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. थेंब मुरला आणि कागद पारदर्शक झाला, तर तो साधा कागद. थेंब मोत्यासारखा उभा राहिला, तर कागदावर काहीतरी लेप आहे.

फाडून बघणं. लेप आहे असं कळलं की कागद हळू फाडा. फाटलेल्या कडेला पातळ, ताणली जाणारी पापुद्र्यासारखी फिल्म दिसली, तर ते प्लॅस्टिक, बहुधा पॉलिथिलिन. फिल्म नसेल तर नखाने खरवडा. पांढरा भुगा निघाला तर मेण. मेणही नाही आणि पाकिटावर ओव्हनचं तापमान छापलेलं असेल, तर तो सिलिकॉनचा बेकिंग कागद. यातलं काहीच जुळलं नाही आणि तेल तरीही मुरत नसेल, तर पीएफएएस या फ्लोरिनयुक्त रसायनांचा संशय घ्यावा. पक्कं उत्तर प्रयोगशाळाच देते, पण खरेदी करायची की नाही एवढं ठरवायला संशय पुरतो.

निळा दिवा. दुकानात नोटा तपासायचा अतिनील दिवा असतो तो. अंधारात त्याखाली कागद धरा. लख्ख निळा चमकला तर त्यात पांढरेपणा वाढवणारं ऑप्टिकल ब्राइटनर आहे. लिहिण्या-छापण्याच्या कागदात ते सर्रास असतं, अन्नाला टेकणाऱ्या कागदात नको. उलट निष्कर्ष मात्र काढू नका. ब्राऊन कागद चमकत नाही म्हणून तो स्वच्छ ठरत नाही. रद्दीपासून बनवलेला ब्राऊन कागद या दिव्याखाली साळसूद दिसू शकतो आणि त्यात जुन्या छपाईच्या शाईतलं तेल शिल्लक असू शकतं.

पायरी २: वर्तमानपत्र अन्नापासून तोडा

एकच बदल करायचा असेल तर हा करा. वर्तमानपत्राची शाई म्हणजे प्रामुख्याने काजळी किंवा रंगद्रव्य आणि ते वाहून नेणारं तेल, जे बऱ्याचदा खनिज तेल असतं. थंड ऑफसेट छपाईत ही शाई वाळत नाही, कागदात मुरते. म्हणून सकाळी पेपर वाचला की बोटं काळी होतात. बोटाला लागणारी शाई गरम भज्याला लागणार नाही, असं समजण्यात अर्थ नाही. खनिज तेलातल्या अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बनांपैकी काही कर्करोगकारक ठरू शकतात. शिवाय शाईत शिसं आणि इतर जड धातू असू शकतात, आणि पेपर छापखान्यापासून दारापर्यंत किती हातांतून आणि जमिनींवरून येतो, तो भाग वेगळाच.

कायदाही स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) विनियम, २०१८ नुसार अन्न साठवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ग्राहकांना आणि विक्रेत्यांना हे पुन्हा बजावलं. त्यात तळणीचं तेल टिपायला वर्तमानपत्र वापरू नका, हेही होतं. हा मुद्दा घरातल्यांसाठी महत्त्वाचा, कारण गाड्यावाल्याला नावं ठेवणाऱ्या घरातही चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) पेपरवरच उपसल्या जातात.

नेहमी होणारी चूक म्हणजे पेपर तसाच ठेवून वर एक टिश्यू किंवा पांढरा कागद अंथरणं. शाई दिसेनाशी होते, तेल मात्र दोन्ही कागद ओलांडून पलीकडे जातं आणि परतही येतं. खनिज तेलाचे हलके अंश तर बाष्परूपानेही कागदातून पार होतात. त्यांना थेट स्पर्शाचीही गरज नसते.

तळणीसाठी हे करून बघा. मोठ्या पातेल्यावर किंवा ताटावर स्टीलची जाळी ठेवा. जाळी नसेल तर पिठाची नको, पुरणाची भोकं मोठी असलेली चाळण चालेल. भजी काढताना झारा कढईच्या काठावर वीस-तीस सेकंद तिरका धरा, मग जाळीवर टाका. भजी एकावर एक रचू नका. खालची वाफेने मऊ पडतात आणि मग आपण कागद शोधायला लागतो. तेल १७० ते १८० अंशांवर असेल तर भजी मुळातच कमी तेल पितात. मापक नसेल तर पिठाचा एक थेंब सोडा: तळाशी जाऊन रेंगाळला तर तेल थंड आहे, लगेच वर येऊन फुलला तर बरोबर. पेपर तेलाने चिंब होतो तेव्हा दोष बहुतेक वेळा थंड तेलाचा असतो.

गाड्यावरून आणायचं असेल तर डबा न्या. झाकण घट्ट लावलं की वाफेने भजी मऊ पडतात; झाकण तिरकं ठेवा, घरी आल्यावर लावा. कटलेट-पाव किंवा रोस-ऑम्लेट तिथेच खाणार असाल तर स्टीलची बशी मागा, बहुतेक गाड्यांवर ती असतेच. “पात्रांव, या डब्यातच घाला” एवढं पुरतं. शिसं आणि हायड्रोकार्बनावर व्याख्यान द्यायला गाड्यासमोरची रांग ही जागा नव्हे.

केळीचं पान हा उत्तम पर्याय आहे, पण ताजं पान घडी घालताच चिरतं आणि लोक कंटाळून कागदाकडे वळतात. पान पुसून घ्या, मधला दांडा सुरीने तासा, आणि पान मंद आचेवरून हळू फिरवा. रंग गडद, तुकतुकीत झाला की ते कापडासारखं वळतं. खाजें, लाडू, शेव अशा कोरड्या तेलकट खाऊलाही ते चालतं. जत्रेतलं खाजें मात्र छापील कागदात आलं तर घरी येईपर्यंत त्यातच ठेवू नका. सोबत एक लहान डबा असू द्या.

पोईबद्दल फार चिंता नको. पोई कोरडी असते, तेल नसतं, पोदेराच्या (पाववाल्याच्या) टोपलीपासून तुमच्या ताटापर्यंत वेळही थोडा. तरी गरम असते, म्हणून मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवून घ्या. एक धुण्यात, एक दाराला अडकवलेली. पावसाळ्यात पिशवी दमट राहिली तर पोईला दुसऱ्याच दिवशी बुरशी येते, तेव्हा पिशवी पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका.

ज्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही तो भाग म्हणजे पुरुमेंत. पावसाळ्याची बेगमी करताना सुकी सुंगटं, खारं, सोलं, मिरच्या पत्र्याच्या डब्यात भरताना तळाला आणि मधे पेपर घालायची पद्धत आहे. ओल शोषली जाते म्हणून. ओल शोषायला तो चांगला आहेच. पण जून ते सप्टेंबर हे चार महिने म्हणजे वरच्या तिघांपैकी ‘वेळ’, आणि सुक्या मासळीत चरबी असतेच. पेपरऐवजी जिन्नस कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवा, थंड झाल्यावरच काचेच्या किंवा स्टीलच्या बरणीत भरा, आणि ओलीसाठी स्वच्छ सुती कापडाच्या पुरचुंडीत मूठभर भाजलेलं जाडं मीठ ठेवा. गरम असतानाच भरलं तर बरणीच्या आत घाम सुटतो, बुरशी येते आणि पेपरची आठवण होते. पेपर बरणीखाली घाला, आत नको.

पायरी ३: चहाचा कागदी कप

कागदी कप नुसत्या कागदाचा असता तर चहा हातावर आला असता. आतून पॉलिथिलिनचा पातळ थर असतो; कप पाण्यात भिजत घालून कडेने सोला, तो अख्खा निघून येतो. २०२० मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंशांचं गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं, तेव्हा १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण उतरले. हे कण शरीरात नेमकं काय आणि किती करतात यावर अजून संशोधन चालू आहे. पण दिवसाला तीन कप पिणाऱ्याने ते निकाल येईपर्यंत प्रयोगाचा भाग होऊन राहण्याची गरज नाही.

उपाय साधा आहे: १५० मिलिलिटरचा स्टीलचा पेला ऑफिसच्या खणात आणि एक गाडीत. टपरीवर काचेचा ग्लास मागा. कागदी कपाशिवाय पर्यायच नसेल तर चहा त्यात ठेवून गप्पा मारत बसू नका, आणि तो कप मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको. घरच्या आरतीला किंवा सत्यनारायणाला पन्नास-साठ माणसं येणार असतील तर मंडपवाल्याकडून ग्लास भाड्याने मिळतात. धुवायला एक माणूस जास्त ठेवावा लागतो, तेवढा खर्च धरा.

कागदी स्ट्रॉलाही निर्दोष समजू नका. २०२३ मध्ये बेल्जियममध्ये झालेल्या तपासणीत कागदी स्ट्रॉच्या २० ब्रँडपैकी १८ मध्ये पीएफएएस आढळलं. प्रमाण कमी होतं, पण ही रसायनं शरीरात आणि निसर्गात वर्षानुवर्षं टिकतात. शहाळ्याला तोंड लावून प्यायची पद्धत आपल्याकडे आहेच, ती चालू ठेवा.

पायरी ४: बिलं, तिकिटं, एटीएमच्या चिठ्ठ्या

थर्मल कागदाला शाई लागत नाही. वरच्या थरात बिनरंगी रंगद्रव्य आणि त्याला काळं करणारं ‘डेव्हलपर’ शेजारी-शेजारी बसलेले असतात. छपाईचं डोकं तापलं की ते वितळून एकमेकांत मिसळतात. हा डेव्हलपर बहुतेक वेळा बिस्फिनॉल ए, म्हणजे बीपीए, किंवा त्याचा भाऊ बीपीएस असतो. प्लॅस्टिकच्या डब्यात बीपीए साखळीत बांधलेला असतो; बिलावर तो मोकळा असतो, म्हणून काही सेकंदांत बोटावर येतो. शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखं वागण्याची सवय ही त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात वजनाच्या ०.०२ टक्के किंवा त्याहून जास्त बीपीए असण्यावर बंदी घातली. २०२३ मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने बीपीएची सुरक्षित दैनंदिन मर्यादा आधीच्या तुलनेत २०,००० पटींनी खाली आणली.

महिन्याला चार बिलं घेणाऱ्याने यावर झोप घालवू नये. विचार करायचा तो काउंटरवर बसणाऱ्याने. कळंगुट-बागा या पर्यटकांच्या पट्ट्यातल्या दुकानांत हंगामात दिवसभर बिलं फाडली जातात, बोटं घामाने ओलसर असतात आणि अधूनमधून सॅनिटायझर चोळलं जातं. हीच सगळ्यात वाईट जोडी: सॅनिटायझरमधले घटक त्वचेची आडकाठी कमी करतात आणि बीपीए जास्त आत शिरतं. गरोदर असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईने या कामात विशेष जपावं.

काउंटरवाल्यांसाठी क्रम असा. पहिलं, बिल मोबाइलवर पाठवायची सोय सुरू करा; छापील बिल मागेल त्यालाच द्या. दुसरं, रोल बदला. कार्डाच्या मशीनला ५७ मिलिमीटरचा आणि बिलिंगच्या छपाईयंत्राला साधारण ८० मिलिमीटरचा रोल लागतो. पुरवठादाराला विचारताना ‘बीपीए-फ्री’ असं विचारू नका, ‘फिनॉल-फ्री’ विचारा. बीपीए-फ्री रोलमध्ये बहुधा बीपीएस निघतं, आणि तेही प्रजननाला घातक म्हणून युरोपात नोंदलेलं आहे. तिसरं, बिल छपाईची बाजू आत करून दुमडून द्या. चौथं, हात साबणाने आणि पाण्याने धुवा, विशेषतः खाण्याआधी. नायट्राइलचे हातमोजे उपयोगी पडतात, पण आपल्या दमट हवेत तासाभरात आत पाणी होतं. घालायचेच तर रोल बदलताना आणि गल्ल्याचा हिशोब लावताना घाला.

ग्राहकाने एवढंच पाळावं. एटीएमवर पावती ‘नको’ दाबा. सुटे पैसे शोधताना तिकीट दातांत धरायची सवय सोडा. नखाच्या रेघेत ते थर्मल निघालं असेल तर हा त्वचेमार्गे नव्हे, थेट तोंडातला मार्ग आहे. चिठ्ठ्या नोटांमध्ये खुपसू नका, वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. बाळाच्या हातात खेळायला बिल देऊ नका. बिलावर चणे तर नकोच.

फ्रिजचं किंवा इन्व्हर्टरचं बिल हमीसाठी जपायचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा. थर्मल छपाई ऊन, तेल आणि दमटपणाने उडते, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली तर आणखी लवकर. लॅमिनेट करायला गेलात तर यंत्राच्या उष्णतेने अख्खं बिल काळंठिक्कर होऊन बाहेर येईल.

पायरी ५: उरलेले कागद

मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नची पिशवी: तेल, उष्णता आणि लेप तिन्ही एका जागी. मक्याचे दाणे कढईत फोडा, तीन मिनिटांचं काम आहे. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) जाहीर केलं की अन्नाच्या कागदाला तेलरोधक करणारं पीएफएएस तिथे आता विकलं जात नाही. आपल्याकडे आयात पाकीट घेताना तारीख आणि देश बघा. पीएफएएस कुटुंबातल्या पीएफओए या रसायनाला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये मानवाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं.

पिझ्झ्याच्या खोक्यात उरलेले तुकडे रात्रभर ठेवू नका, ताटात काढा. फिल्टर कॉफीचा कागद पांढरा असो वा तपकिरी, आता फार फरक नाही. मूलतत्त्वी क्लोरीनने ब्लीच करणं मागे पडल्यापासून डायॉक्सिन या विषारी रसायनाचा प्रश्न बराच निवळला आहे. टी-बॅगऐवजी गाळणी. टिश्यूने हात-तोंड पुसा, तळण टिपू नका.

पत्रावळीचं मात्र जपून. चकचकीत रुपेरी ताटं फाडून बघा, फिल्म निघेलच. ऊसाच्या चिपाडाच्या पांढऱ्या ताटांना तेल न मुरण्यासाठी पीएफएएस मिसळलेलं असू शकतं. थेंबाची चाचणी करा. आणि पोफळीच्या विरीची (झावळीच्या रुंद देठाची) ताटं पूर्ण निर्धोक असं आम्हीही बरीच वर्षं सांगत आलो, पण २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यांतून सुपारीतले अल्कलॉइड अन्नात उतरतात म्हणून ती अन्नासाठी अयोग्य ठरवली. कोरड्या फराळाला एखाद्या वेळी चालतील. गरम, आंबट हुमणासाठी (माशाच्या आमटीसाठी) केळीचं पान किंवा स्टील.

पायरी ६: विल्हेवाट

ज्यांच्या न्हाणीत अजून चुलीवर भाण (पाण्याचं मोठं भांडं) तापतं, त्यांच्याकडे हा सगळा कागद पेटवणीला जातो. साधा कोरा कागद आणि करवंट्या जाळा. लेप असलेले कप, रुपेरी ताटं आणि बिलं चुलीत नकोत; प्लॅस्टिकचा धूर न्हाणीत कोंडतो आणि ती राख पुढे अळवाच्या वाफ्यात किंवा भांडी घासायला जाते. बिलं रद्दीतही घालू नका. रद्दीतून ती लगद्यात जातात आणि त्यातलं बीपीए पुनर्वापराच्या टिश्यूत आणि खोक्यांत परत येतं. पुनर्वापर न होणाऱ्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत द्या. कंपोस्टमध्ये काळ्या छपाईचा पेपर फाडून थोडा घातलेला चालतो. गुळगुळीत रंगीत पुरवण्या, कप आणि बिलं नकोत.

एखादं दुकान सांगूनही अन्न वर्तमानपत्रातच देत असेल तर एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर तक्रार करता येते किंवा गोव्यात बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात जाता येतं. पुडीचा फोटो, दुकानाचं नाव, तारीख आणि दुकानात लावलेला १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक सोबत द्या. बिल जोडणार असाल तर त्याचाही फोटोच जोडा. तपासणी होईपर्यंत मूळ बिलावरची अक्षरं उडालेली असतील.